कटिंग मशीनवर दिवाळीच्या भेटी: देवनागरी नाव न तुटता कसं उतरवायचं

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मला व्हॉट्सॲपवर येणारे फोटो बहुतेक एकाच प्रकारचे असतात. स्टीलच्या डब्यावर चिकटवलेलं नाव, आणि त्या नावाची शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी चिरलेली. कुठे नको असलेला भाग सोलताना वेलांटीची कमान निघून आलेली, कुठे अनुस्वार हरवलेला. खाली प्रश्न असतो: ‘मशीन बिघडलंय का?’ कटिंग मशीन, म्हणजे पडद्यावर काढलेला आकार बारीक पात्याने कापून देणारं यंत्र, ठणठणीत असतं. चूक झालेली असते पातं फिरायच्या आधी, पडद्यावर. मशीनसोबत येणारे धडे रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात आणि ती अक्षरं सुटी उभी राहतात. आपलं नाव मात्र एका रेघेखाली सलग बांधलेलं असतं. त्याची तयारी वेगळी करावी लागते, आणि ती कुणी सांगत नाही म्हणून हा लेख.

यात तीन भेटी घेतल्या आहेत: फराळाचा स्टीलचा डबा, मांजरपाटाची पिशवी आणि कागदी नावपट्टी. डब्यावर जास्त लिहिलं आहे, कारण सगळ्यात जास्त माल तिथेच वाया जातो. मशीन क्रिकट असो, सिल्हूट असो की ब्रदर, कामाचा क्रम तोच. बटणांची नावं थोडी इकडेतिकडे होतात, एवढंच.

## आधी दिवस मोजा, मग सामान आणा

डब्यावरचं व्हिनाइल (नाव ज्यातून कापतात तो पातळ, चिकट पाठीचा प्लॅस्टिकचा ताव) चिकटल्यासारखं लगेच दिसतं, पण त्याचा गोंद पूर्ण धरायला ७२ तास लागतात. फराळ भरायच्या दिवसापासून उलटं मोजा. वसुबारसेला डबे भरायचे असतील, तर नाव लावण्याचं काम निदान चार दिवस आधी संपलं पाहिजे. कापडाला एक दिवस पुरतो आणि कागद आदल्या रात्री कापला तरी चालतो. म्हणजे क्रम ठरला: डबे, मग पिशव्या, शेवटी कागद. बरेच जण हलकं काम म्हणून कागदापासून सुरुवात करतात आणि डबे धनत्रयोदशीच्या रात्री उरतात.

आता सामान. नंबरप्लेट आणि गाड्यांचे स्टिकर करणाऱ्या दुकानात ज्याला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात, ते बहुतेक वेळा चिकट पाठीचं व्हिनाइलच असतं. तिथून घेतलं तरी चालेल, पण दोन गोष्टी विचारून घ्या. एक, ते कायमस्वरूपी गोंदाचं आहे का. ओराकलचं ६५१ हे या कामाचं. त्याच कंपनीचं ६३१ भिंतीवरून काढता यावं म्हणून केलेलं असतं, डब्यावर ते धुण्यात टिकत नाही. दोन, रोलची रुंदी. दुकानात रोल बहुतेक २४ इंची मिळतो आणि घरगुती मशीनची मॅट, म्हणजे ताव चिकटवून मशीनमध्ये घालायची पाटी, १२ इंची असते, त्यामुळे तो तिथेच मधोमध कापून घ्या. घरी कात्रीने कापलं की कड वाकडी येते आणि मॅटवर तिरकं बसतं.

कापडासाठीचं व्हिनाइल वेगळं. त्याला हीट ट्रान्सफर व्हिनाइल म्हणतात आणि ते इस्त्रीच्या उष्णतेने चिकटतं. दोन्हींचे तुकडे एकाच पिशवीत राहिले की घोटाळा होतो. ओळखायची खूण सोपी आहे: चिकट व्हिनाइलच्या पाठीला कागद असतो आणि तो सोलला की खाली गोंद लागतो. कापडाच्या व्हिनाइलला एका बाजूने पारदर्शक, चकचकीत प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो आणि दुसरी बाजू हाताला कोरडी लागते.

याशिवाय हवं ते:

- ट्रान्सफर टेप (नाव उचलून जागेवर नेण्यासाठी)
- सोलायचा आकडा. नसेल तर बोथट टोकाची सुई आणि भुवयांचा चिमटा
- मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं सुती फडकं
- जुनं प्लॅस्टिकचं कार्ड, मास्किंग टेप, शिंप्याची टेप
- २०० ते ३०० जीएसएमचा कार्डपेपर

पुण्यात बोहरी आळीत आणि मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर हस्तकलेचं आणि कागदाचं बरंचसं सामान मिळतं. डबे घेताना सरळ उभ्या कडांचेच घ्या. निमुळत्या डब्यावर किंवा पेल्यावर सरळ ओळ लावली की ती डोळ्याला वाकलेली दिसते. पहिल्या वर्षी त्या वाटेला जाऊ नका.

सावधान: व्हिनाइल पात्याने कापायचं असतं. ओळखीच्या कुणाकडे लेझर मशीन आहे म्हणून त्यावर पीव्हीसीचं व्हिनाइल कापून आणू नका. जळताना त्यातून क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात.

## टप्पा १: नाव त्यांच्याच हातून लिहून घ्या

ज्याला भेट द्यायची, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना व्हॉट्सॲपवर नाव मराठीत टाइप करून पाठवायला सांगा आणि तेच कॉपी करून वापरा. श्रुती की श्रुति, ऋतुजा की ऋतूजा, अद्वैत की अव्दैत, हे आपण ठरवायचं नसतं. शुद्धलेखनाचा नियम माहीत असला तरी माणूस आपलं नाव जसं लिहितो तसंच त्याच्या डब्यावर असावं. ही भेट त्याच्यासाठी आहे.

आडनाव घालणार असाल तर गोऱ्हे, कऱ्हाडकर अशा नावांतला अर्धचंद्री र नीट आलाय का पाहा. घाईत टाइप केला की तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो.

सगळी नावं एका यादीत घ्या. नावापुढे वस्तू, रंग आणि माप लिहा. दहा डबे करायचे असतील तर ही यादी म्हणजे अर्धं काम.

## टप्पा २: फॉन्ट पात्याच्या दृष्टीने निवडा

पडद्यावर सुंदर दिसणारा फॉन्ट पात्याला झेपेलच असं नाही. पाहायचं ते इतकंच: सगळ्यात बारीक रेघ किती जाड आहे? नाव ज्या मापात कापायचं, त्या मापात ती एक मिलिमीटरच्या खाली जात असेल तर तो फॉन्ट सोडा. चमकीच्या व्हिनाइलसाठी दीड मिलिमीटर धरा.

गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळणाऱ्यांपैकी बलू २ आणि मुक्ता यांची ठळक वजनं मी डोळे मिटून वापरते. रेघ एकसारखी जाड, कोपरे मऊ, सोलायला त्रास नाही. मोदक हा फॉन्ट मुलांच्या वस्तूंसाठी गोड दिसतो, पण त्यातल्या अक्षरांच्या पोकळ्या इतक्या चिंचोळ्या आहेत की लहान मापात त्यांतले तुकडे निघता निघत नाहीत. नावाची उंची पाच सेंमीच्या वर असेल तरच तो घ्या.

मराठी वळणाचा ल आणि श हवे असतील, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट ते देतो. आजी-आजोबांच्या भेटीवर हे वळण असलं की त्यांच्या ते लगेच लक्षात येतं. मात्र तो पुस्तकी छपाईचा फॉन्ट, रेघा नाजूक. तो वापरताना सॉफ्टवेअरमधलं ऑफसेट घेऊन अक्षराला चोहीकडून ०.३ मिमी जाडी द्या.

जुने, युनिकोडच्या आधीचे फॉन्ट टाळा. कॉपी केलेलं नाव त्यात चिकटवलं की अक्षरांची चिन्हं होऊन बसतात.

## टप्पा ३: नाव एकसंध करा

या लेखातला एकच टप्पा वाचणार असाल तर हा वाचा.

देवनागरी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा असतो. शेजारशेजारची अक्षरं आली की ते तुकडे एकमेकांवर किंचित चढतात आणि आपल्याला एकच सलग रेघ दिसते. मशीन रंग पाहत नाही, ते कडेच्या रेषेवरून पातं फिरवतं. जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेत तिथे दोघांच्याही कडा आहेत, म्हणून पातं तिथे शिरोरेषा आडवी चिरतं. मी पहिल्यांदा कापलेलं नाव माझ्या भाचीचं होतं, ईश्वरी. सोलायला घेतलं तेव्हा ‘ई’ एकीकडे, ‘श्व’ दुसरीकडे आणि ‘री’ची वेलांटी माझ्या बोटाला चिकटलेली. त्या दिवशी तीनदा कापलं आणि तिन्ही वेळा तेच झालं, कारण मी पात्याची खोली बदलत होते आणि मूळ चूक पडद्यावर तशीच होती.

यावर तीन मार्ग आहेत.

पहिला, थेट मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये. नाव टाइप करा, निवडा आणि क्रिकटच्या डिझाइन स्पेसमध्ये कंबाइनखालचं ‘युनाइट’ किंवा ‘वेल्ड’ दाबा. सिल्हूट स्टुडिओमध्येही ‘वेल्ड’ आहे. वेल्ड केल्यावर नाव बदलता येत नाही, म्हणून आधी एक प्रत बाजूला ठेवा. टाइप करताना जोडाक्षरं सुटलेली दिसली, हलन्त उघडा पडला किंवा मात्रेखाली ठिपक्यांचं वर्तुळ आलं, तर तिथे झगडत बसू नका. दुसऱ्या मार्गाने जा.

दुसरा, इंकस्केपमध्ये. हे मोफत आहे आणि जोडाक्षरं नीट मांडतं. नाव टाइप करा, पाथ मेनूमधून ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, गट सोडवा, सगळं निवडून ‘युनियन’ करा आणि प्लेन एसव्हीजी म्हणून साठवा. सिल्हूटच्या मोफत आवृत्तीत एसव्हीजी उघडत नसेल तर डीएक्सएफ म्हणून साठवा. फाइल मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली की माप पुन्हा तपासा. एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात जाताना ते हमखास बदलतं.

तिसरा, मोबाइलवरून. कॅनव्हासारख्या ॲपमध्ये पांढऱ्या पाटीवर काळ्या अक्षरांत नाव लिहा, शक्य तितकं मोठं करा आणि पीएनजी म्हणून उतरवा. चित्राची रुंदी निदान २००० पिक्सेल ठेवा. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ते चित्र अपलोड करून पांढरा भाग काढून टाका. चित्रात शिरोरेषा आधीच एक झालेली असते, त्यामुळे वेल्डची गरजच उरत नाही. लहान चित्र घेतलं तर कडा दातेरी येतात, तेवढं सांभाळा.

आणखी एक चूक इथेच होते. नाव जरा ऐसपैस दिसावं म्हणून अक्षरांमधलं अंतर वाढवलं जातं. देवनागरीत ते अंतर वाढलं की शिरोरेषा तुटते आणि युनियन करूनही जुळत नाही. अंतर शून्यावर ठेवा. नाव मोठं हवं असेल तर आख्खं नाव मोठं करा.

तपासणी: नावाचा भरलेला रंग काढून फक्त बाह्यरेषा दाखवा. शिरोरेषेच्या आत एकही उभी रेघ दिसता कामा नये. अनुस्वार, पोकळ्या आणि वेलांटीखालची जागा तेवढी वेगळी दिसेल. हे पाहिल्याशिवाय मॅटला हात लावू नका.

## टप्पा ४: माप डब्यावरून घ्या

डब्याभोवती शिंप्याची टेप फिरवा. १४ सेंमी व्यासाच्या डब्याचा घेर ४४ सेंमीच्या आसपास येतो. समोरून एका नजरेत त्याचा साधारण तिसरा हिस्साच दिसतो, म्हणजे १४-१५ सेंमी. नाव त्यात दोन्हीकडे मोकळी जागा ठेवून बसायला हवं, तेव्हा रुंदी १० सेंमी पुरे. पाण्याच्या बाटलीचा घेर २२ सेंमी असेल तर नाव ६ सेंमीपेक्षा रुंद नको. नाव लांब असेल तर ते फिरवून बाटलीच्या उंचीच्या दिशेने लावा. अक्षरं एकाखाली एक रचू नका, शिरोरेषेविना ती वाचवत नाहीत.

साध्या कागदावर नाव प्रिंट करा किंवा त्या मापाचा चौकोन कापा, डब्यावर टेपने लावा आणि दोन पावलं मागे जाऊन पाहा. या पाच मिनिटांत व्हिनाइलचा एक ताव वाचतो.

मॅटवर मांडताना एका रंगाची सगळी नावं एकत्र घ्या. ९ बाय ४ सेंमीचं नाव आणि मध्ये अर्धा सेंमी जागा धरली तर १२ बाय १२ इंचाच्या तावात तीन रांगा करून १८ नावं बसतात. प्रत्येक नावाभोवती एक चौकोनही काढून ठेवा आणि नाव व चौकोन ‘अटॅच’ करा, नाहीतर सॉफ्टवेअर चौकोन एका कोपऱ्यात आणि नाव दुसरीकडे नेऊन ठेवतं. चौकोन असला की सोलताना शेजारचं नाव ओढलं जात नाही.

## टप्पा ५: आधी चाचणी, मग कापणी

चिकट व्हिनाइल मॅटवर रंगाची बाजू वर आणि कागद खाली असं लावा. मधून कडेकडे हाताने दाबत न्या, फुगा राहू देऊ नका. फुगा राहिला तर पातं तिथे व्हिनाइल ओढत नेतं.

मशीनमध्ये मटेरियल निवडा. दुकानातून आणलेल्या सुट्या व्हिनाइलसाठी नेमकी नोंद सापडणार नाही, नेहमीच्या व्हिनाइलची सेटिंग घ्या. मग तावाच्या कोपऱ्यात दोन सेंमीचा चौकोन आणि त्याच्या आत एक लहान वर्तुळ कापून पाहा.

- चौकोन सहज निघाला आणि खालचा कागद शाबूत: योग्य.
- व्हिनाइल अडकून ताणलं जातंय: दाब एका पायरीने वाढवा.
- कागदही कापला गेला: दाब कमी करा. नाहीतर टेपवर नाव कागदासकट उचललं जाईल.
- वर्तुळ जुळत नाही, टोकं सुटतात: पात्याच्या टोकाशी कचरा अडकलाय. मशीन बंद करून पात्याचं टोक ॲल्युमिनियम फॉइलच्या घट्ट गोळीत आठ-दहा वेळा टोचा.

चाचणी पटली की मग पूर्ण ताव. कापून झाल्यावर मॅट लगेच बाहेर काढू नका. ती मशीनमध्येच असताना एका नावाचा कोपरा आकड्याने उचलून पाहा. नीट कापलं नसेल तर त्याच रेषेवर पातं पुन्हा फिरवता येतं. मॅट एकदा बाहेर आली की ती नेमकी त्याच जागी परत बसत नाही.

## टप्पा ६: सोलणं

टेबलावर उजेड तिरका घ्या. मोबाइलचा टॉर्च ताटलीला टेकवून आडवा ठेवला की कापलेली रेघ चमकते. मी आधी अक्षरांतल्या पोकळ्या काढते: ‘व’चा पोटातला थेंब, ‘क’चा डोळा, ‘म’ची गाठ. त्यानंतर बाहेरचा भाग. उलट केलं तर बाहेरचं सोललेलं व्हिनाइल हातावर चिकटत राहतं आणि पोकळ्यांकडे लक्ष जात नाही.

बाहेरचा भाग शिरोरेषेच्या कोपऱ्यापासून सुरू करा. ती नावातली सगळ्यात लांब, सगळ्यात घट्ट बसलेली पट्टी. व्हिनाइल वर उभं न ओढता जवळजवळ जमिनीला समांतर, मागे दुमडून ओढा. उकार, ऋकार आणि रफार आले की थांबा आणि आकड्याचं टोक त्यांच्यावर हलकं टेकवून पुढे जा. अनुस्वार २ मिमीपेक्षा लहान असेल तर तो कचऱ्याबरोबर जाणारच. त्याला पडद्यावरच मोठा करून ठेवायचा होता.

सोललेलं नाव कागदावर असतानाच मोठ्याने वाचा. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार. यादीशी ताडून पाहा.

## टप्पा ७: डब्यावर लावणं

नव्या स्टीलच्या डब्यावर पॉलिशचा तेलकट थर असतो आणि बहुतेक वेळा दुकानाच्या लेबलचा गोंदही. गोंदावर खोबरेल तेल चोळून दहा मिनिटं ठेवा, पुसा, डबा भांड्यांच्या साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा. शेवटी फडक्यावर अल्कोहोल घेऊन नावाची जागा एकाच दिशेने पुसा. त्यानंतर तिथे बोट लावू नका. खोबरेलानंतर साबणाचा टप्पा गाळला की पाडव्यापर्यंत नावाच्या कडा उठलेल्या असतात. सगळ्यात जास्त डबे इथेच फसतात.

सावधान: नाव डब्याच्या बाहेरच्या अंगाला, अन्न आणि ओठ लागणार नाहीत अशाच जागी. गॅसवर चढणाऱ्या भांड्याला, पणतीच्या किंवा मेणबत्तीच्या ग्लासला व्हिनाइल लावू नका.

आता नाव उचलायचं. ट्रान्सफर टेप नावावर मधून कडेला बसवा आणि कार्डाने दाबून घासा. मग सगळं उलटं करा आणि टेप न उचलता मागचा कागद सोला, कागद मागे दुमडत. एखादी मात्रा कागदावरच राहत असेल तर कागद परत खाली न्या, तेवढ्याच जागी कार्ड घासा, पुन्हा सोला. टेप फारच चिकट असेल तर आधी एकदा सुती कपड्यावर लावून काढा.

लावताना शिरोरेषेचा फायदा घ्या. आपल्याकडे तयार पट्टी आहे, रोमन लिपीवाल्यांना ती नाही. सानिकाच्या डब्याचं सांगते. काठापासून ४ सेंमी खाली पेन्सिलने तीन बारीक खुणा केल्या, त्या खुणांना वरची कड टेकवून मास्किंग टेपची पट्टी लावली. नावाच्या मधल्या भागावर टेपची दुसरी, उभी पट्टी बिजागरीसारखी लावून नाव आधी तिथे टांगलं, शिरोरेषा आधीच्या पट्टीच्या खालच्या कडेला समांतर आहे ना ते पाहिलं. मग फक्त मधला ‘नि’ डब्याला टेकवला. तिथून उजवीकडे ‘का’ आणि मग डावीकडे ‘सा’, अंगठ्याने हळूहळू. गोल डब्यावर एका टोकाकडून दुसऱ्याकडे गेलं की शेवटचं अक्षर अर्धा सेंमी वर किंवा खाली सरकतं. मधून गेलं की सरकायला जागाच राहत नाही.

कार्डाने पुन्हा घासा, दोन मिनिटं थांबा, टेप तिरकी मागे दुमडत काढा. एखादं टोक टेपबरोबर येऊ लागलं तर थांबा, बोटाने दाबा, मग पुढे.

डबा ७२ तास बाजूला. धुवायचा नाही, फराळही भरायचा नाही; भरताना तुपाचे हात लागतात.

## टप्पा ८: मांजरपाटाची पिशवी

इथे चूक एकच, पण प्रत्येकाची होते: नाव उलटं करायचं राहतं. कापडाचं व्हिनाइल मॅटवर चकचकीत बाजू खाली ठेवून मागून कापतात, म्हणून पडद्यावर ‘मिरर’ करावं लागतं. देवनागरीत फसायला आणखी एक कारण आहे. उलटं केलं तरी शिरोरेषा वरच राहते, त्यामुळे ओझरतं पाहिलं तर सगळं ठीकच वाटतं. म्हणून काना शोधा. ‘का’चा काना अक्षराच्या डावीकडे दिसला तर मिरर झालंय, उजवीकडे दिसला तर थांबा.

कोऱ्या मांजरपाटाला खळ असते. ती धुऊन काढा, धुताना सॉफ्टनर घालू नका, वाळवा आणि कडक इस्त्री करा. व्हिनाइल सोलून झालं की पारदर्शक पापुद्रा वर राहील असं पिशवीवर ठेवा.

इस्त्री सुती कापडाच्या खुणेवर, वाफ पूर्ण बंद. गादीच्या इस्त्रीफळीवर दाब बसत नाही. लाकडी टेबलावर जाड सुती चादरीची एकच घडी टाका. आधी कापड पाच सेकंद तापवा, ओलावा जाऊ द्या. मग नावावर बटर पेपर ठेवून इस्त्री दाबून धरा, फिरवू नका. बहुतेक कापडी व्हिनाइलला १५० ते १६० अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता आणि १० ते ३० सेकंद लागतात. नेमके आकडे पाकिटावर असतात आणि तेच खरे. इस्त्रीच्या तळाला वाफेची भोकं असली की तिथे उष्णता कमी पोचते, म्हणून दुसऱ्या वेळेस इस्त्री दोन बोटं सरकवून दाबा.

पापुद्रा गरम असताना काढायचा की गार झाल्यावर, हेही पाकिटावर लिहिलेलं असतं. चुकीच्या वेळी ओढला की व्हिनाइल वर येतं. काढल्यावर बटर पेपर ठेवून पुन्हा पाच सेकंद दाब द्या. मेण लावलेला कागद बटर पेपर म्हणून वापरू नका, मेण वितळून कापडावर डाग पडतो.

नायलॉनच्या पिशव्या, रेशीम आणि खण यांवर हे काम करू नका. जाडीभरडी खादीही टाळलेली बरी, तिच्या उंचसखल विणीत व्हिनाइल अर्धंच धरतं.

## टप्पा ९: कागदी नावपट्टी

नाव कार्डपेपरमधून आरपार कापून फराळाच्या डब्याला दोऱ्याने बांधायचं असेल, तर सुटे भाग जोडून घ्या. व्हिनाइलमध्ये अनुस्वार वेगळा राहिला तर टेप त्याला उचलते. कागदात तो गळून पडतो. मंदार, गंधार, अनंत अशा नावांत अनुस्वाराचा ठिपका पडद्यावर खाली ओढून शिरोरेषेत एक मिलिमीटर रुतवा आणि मग युनियन करा. शिरोरेषा दोन्हीकडे जरा लांबवली की दोरा ओवायला भोकही तिथेच पाडता येतं.

कागदासाठी कमी चिकट मॅट घ्या, किंवा जुनी झालेली. कापून झाल्यावर कागद मॅटवरून उचलू नका, तो वळतो. मॅट उलटी करून तिचीच कड मागे वाकवा, कागद आपोआप सपाट सुटतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत कार्डपेपर मऊ पडून कडा फुसफुशीत येतात. कापायच्या आधी तो दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून हलकी इस्त्री फिरवा.

## डब्यासोबत चिठ्ठी द्या

भेट घेणाऱ्याला व्हिनाइल म्हणजे काय ते माहीत नसतं. पहिल्याच दिवशी डबा तारेच्या घासणीखाली गेला तर नाव जाणारच. एवढ्या ओळी पुरतात:

‘डबा हाताने, मऊ स्पंजने धुवावा. तारेची किंवा हिरवी घासणी नावावर लावू नये. पाण्यात भिजत ठेवू नये, डिशवॉशरमध्ये घालू नये.’

पिशवीसाठी: ‘पहिले २४ तास धुऊ नये. उलटी करून गार पाण्यात धुवावी. नावावर थेट इस्त्री फिरवू नये.’

## नाव चुकलंच तर

डब्यावरचं नाव चुकीचं किंवा तिरकं लागलं तर ७२ तास उलटायच्या आत काढा, नंतर कष्ट वाढतात. हेअर ड्रायरची गरम हवा अर्धा मिनिट द्या, शिरोरेषेचं एक टोक नखाने उचला आणि आडवं ओढा. नाव एकसंध केलेलं असेल तर ते एका पट्टीत निघतं. उरलेल्या गोंदाला खोबरेल, मग साबण, मग अल्कोहोल, त्याच क्रमाने. चाकू किंवा पातं लावू नका, स्टीलवर ओरखडा कायमचा राहतो.

पिशवीवरून नाव काढायला बसू नका. तेवढ्या जागेवर दुसऱ्या रंगाचा मोठा पणतीचा आकार कापून बसवा. पुन्हा इस्त्री दाबताना खालचं नाव मऊ पडतं, म्हणून बटर पेपर विसरू नका.